पडद्याआडचं दान

वॉसॉ गावात नोव्हेंबर सरताना
साडेचारलाच अंधार पडतो.
तळघरात भट्टी धापा टाकत असते,
मी पुठ्ठ्याचा पडदा उभा करतो.
बाहेरच्या बाजूला ड्रॅगन,
आतल्या बाजूला पेन्सिलीचे आकडे,
कॉफीच्या मगाचा गोल डाग,
आणि वीस बाजूंचा फासा,
माझ्या अंगठ्याने कडा झिजलेला.

पडद्यापलीकडे चौघं.
ड्वेन, कागदाची गिरणी बंद पडल्यापासून
बर्फ हटवायची गाडी चालवणारा;
त्याचा भाचा एलिस;
ग्रेटा ओल्सगार्ड, जिला नियम तोंडपाठ, जी म्हणते
फासा उघड्यावर टाका, नाहीतर सरळ नाटक बसवा;
आणि माय न्हिया, पंधरा वर्षांची.
त्या हिवाळ्यात तिच्या घरी काय चाललं होतं
आम्ही विचारलं नाही.
ती कोट न काढता बसायची.

तिची ब्रॅकन, साडेतीन फुटी चोरटी,
नाक मोडलेलं,
कुलूप फोडण्याआधी त्याच्याशी गप्पा मारणारी,
त्या रात्री पुलावर एकटी मागे थांबली
बाकीच्यांना पळता यावं म्हणून.
पुलाखालून ते वर आलं.
मी फासा टाकला.

वीस.

मी म्हणालो, "सात. वार चुकला."
आणि फासा उचलला,
जरा जास्तच घाईने.

ड्वेनने आरोळी ठोकली.
माय न्हियाने कोटाची चेन उघडली.
मला वाटलं, ऊब लागली पोरीला.
पडलेलं दान झाकून
मी एक दान दिलं होतं,
या हाताचं त्या हाताला न कळू देता.
त्या रात्री झोप छान लागली.

मग हात सरावला.
एलिसच्या वाट्याचा एखादा बाण कमी,
ड्वेनला वाढदिवसाला गुहेत पन्ना.
मी स्वतःला सांगायचो,
फाशाला काय ठाऊक
कोण कोट का काढत नाही ते?
ग्रेटा माझ्याकडे बघायची
आणि वहीत काहीतरी खोडायची.

नऊ वर्षांनी माय न्हिया मिलवॉकीहून आली,
आता नर्स, हातांना साबणाचा वास.
म्हणाली, "माझ्या जुन्या खुर्चीवर बसा."
बसलो.
माझ्या नेहमीच्या जागेमागे
बोलिंगच्या संघाचा फोटो, सत्त्याऐंशी सालचा,
एकाच खिळ्यावर, पुढे झुकलेला.
काचेत आमचे मिशीवाले चेहरे,
आणि चेहऱ्यांवरून
पेन्सिलीचे आकडे, कॉफीचा डाग, फासा.
उलटे, पण वाचता येण्यासारखे.

"किती वेळा पाहिलंस?"
"एकदाच. मग मी खुर्ची बदलली."
मला आठवलं. मी समजलो होतो
भट्टीजवळ उकडतं म्हणून.

"ब्रॅकन मरायलाच थांबली होती," ती म्हणाली.
"माझं ठरलं होतं. तुम्ही विचारलं नाहीत.
पुढे चार वर्षं मी तिला नुसतं चालवत होते,
तिच्या प्रत्येक विजयावर तुमच्या हाताचा वास."
मी मान खाली घातली.
"आणि त्या आठवड्यात," ती थांबून म्हणाली,
"सात ऐकून मला रडायला आलं होतं, बरं वाटून.
तेही धरा हिशोबात."

मी पडदा मिटायला लागलो.
ती म्हणाली, "असू दे."
उठली, माझ्या मागे गेली,
फोटोच्या चौकटीमागे कागदाची घडी खोचून
तो भिंतीशी सपाट केला.
मग समोर येऊन बसली.
खिशातून एक चुरगळलेला कागद काढला,
वरच्या कोपऱ्यात नाव: ब्रॅकन.
"पूल," ती म्हणाली. "ते वर येतंय. टाका."

मी टाकला.
तो पडद्याला आपटून फिरला आणि थांबला.
मी पाहिलं. तिने पाहिलं नाही,
तिची नजर माझ्या तोंडाकडे होती.

आकडा सांगायला मला
इतका वेळ लागला, की
बाहेर ड्वेनची गाडी बर्फ ढकलत
गल्लीच्या टोकापर्यंत गेली
आणि वळून परत आली.