गाळलेल्या जागा

बाई आल्या त्या प्लेअर शालीत गुंडाळून,
आजारी मांजर डॉक्टरकडे आणावं तशा.
ग्दिनियात त्या दिवशी समुद्राकडून असा वारा
की ट्रॉलीबसचा दांडा दोनदा तारेवरून सुटला.
हुबेर्त जेवायला गेलेला. दुकानात मी एकटा,
शिकाऊ, अठरा पूर्ण व्हायला तीन महिने कमी.

‘बिघडलेलं नाही,’ ब्रोनिस्वावाबाई म्हणाल्या.
‘मला फक्त हे समजावून दे.’
आणि माहितीपुस्तिकेचं शेवटून दुसरं पान उलगडलं:
शब्दांचे अर्थ. मुंगीएवढा टाइप, सगळं इंग्रजी.
पेन्सिलीने नऊ शब्दांखाली रेघा.

नवरा जहाजावर, इंजिनरूममध्ये. गेरार्ड.
हा डबा त्यानं हॅलिफॅक्सच्या बंदरात घेतलेला.
आहे की होता, त्या बोलल्या नाहीत.
मी विचारलं नाही.

रीजन कोड, मी सुरुवात केली, म्हणजे
कंपन्यांनी जगाचे तुकडे पाडून त्यांना नंबर दिलेत.
तुमचा डबा एक नंबरचा,
इथली सिनेमाची डिस्क दोन नंबरची.
तो तिला आत घेत नाही.
‘म्हणजे व्हिसा.’
हो. जवळपास तेच.

‘आणि हिला?’
पर्समधून रुमाल, रुमालातून डिस्क,
वर निळ्या मार्करनं नुसती तारीख.
ही साधी ऑडिओ सीडी, मी म्हटलं, हिला रीजन नसतो.
ही कुठल्याही बंदरात वाजते.
बाईंनी पहिल्या शब्दावर काट मारली.

सॅम्पलिंग.
सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर वेळा
यंत्र आवाजाकडे डोळा उघडून बघतं,
आकडा लिहितं, डोळा मिटतं.
‘आणि मिटलेला असताना?’
हुबेर्त म्हणतो, कानाला ऐकू येईल तेवढं सगळं
त्या आकड्यांतून पुन्हा उभं राहतं.
कसं, ते मला सांगता येईना.
त्या शब्दावर काट पडली नाही.

बिट सोपं गेलं. पायऱ्या.
सोळा बिट म्हणजे पासष्ट हजार पाचशे छत्तीस पायऱ्या,
आरोळी वर, कुजबूज तळाशी.
तळाच्या पायरीखाली आवाज तुटत तुटत जातो,
म्हणून डिदर: थोडी खरखर मिसळायची.
त्या खरखरीला रेलून हळू आवाज उभा राहतो.
‘मुद्दाम मिसळतात?’
मुद्दाम.
बाई पहिल्यांदा हसल्या. ‘त्याचं असंच.
मागे इंजिन धडधडत नसलं
तर फोनवर त्याला बोलायला सुचायचं नाही.’

सुचायचं, म्हणाल्या.
मी उगाच कापूस घेऊन लेन्स पुसायला लागलो.

मग डिस्क लावली.
धडधड, भांड्यांचा आवाज, कुणीतरी खोकलं,
आणि एक जाड, शांत माणूस सांगू लागला
की तळघरातली लाल चावी ऑक्टोबरात बंद करत जा,
उजवीकडे फिरव, जोर लावू नकोस,
वॉशर जुना आहे.
दुसऱ्या मिनिटाला आवाज किंचित लडबडला,
लगेच सावरला.

ओरखडा आहे, मी म्हटलं.
हरवलेला आकडा यंत्राला सापडत नाही,
मग ते अलीकडचा बघतं, पलीकडचा बघतं
आणि मधला अंदाजानं भरतं.
परीक्षेत असतं ना, गाळलेल्या जागा भरा.
‘म्हणजे तिथे तो नाही.’
तिथे… तिथे यंत्र आहे. क्षणाचा अगदी छोटा तुकडा.
‘कुठल्या शब्दात?’
पुन्हा लावलं. पुन्हा.
‘जोर’ मध्ये, मला वाटतं. बाईंना वाटलं ‘नकोस’ मध्ये.

हुबेर्त आला, बोटांना हेरिंगचा वास,
डिस्क उजेडात तिरपी धरली.
‘पॉलिश करतो. ओरखडा जाईल.’
‘इंजिन जाईल का?’
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
‘नाही. ते रेकॉर्डिंगमध्येच आहे.’
‘मग कर.’

शाल परत गुंडाळताना त्यांनी पान माझ्याच हातात दिलं.
पाच शब्द उरलेले. जिटरच्या खाली दोन रेघा.
‘पुढच्या मंगळवारी,’ म्हणाल्या,
‘आणि सॅम्पलिंग नीट विचारून ठेव.’