एक क्वाय बाकी

सचिवालयाच्या फाटकासमोर, चढाच्या वळणावर
माझी टपरी. अडतीस वर्षं.
फोर्वेल नोंगरुम पहिल्यांदा आला तेव्हा
"काँग बियोलिन, सुट्टे नाहीत," एवढंच म्हणाला.
कोट मामाचा. बाह्या बोटांवर येत होत्या.
नुकताच एकशे सात मतांनी निवडून आलेला.
मी पानाला चुना लावला, ओल्या सुपारीची फोड ठेवली,
वहीत लिहिलं: नोंगरुम, एक क्वाय.

मग तो सगळ्यांचा बाह झाला, थोरला भाऊ.
मंत्री झाला, पडला, परत झाला,
तीनदा मुख्यमंत्री,
त्यातलं एकदा अकराच दिवस.
सात आमदार रात्री
गेस्ट हाऊसच्या मागच्या दारानं गेले,
सकाळी धुक्यातून त्याची गाडी उतरली, दिवा काढलेली.
काच खाली करून म्हणाला,
"दोन दे. आज वेळ आहे."

आम्ही अंतर क्वायनं मोजतो.
माझं गाव बाजारापासून नऊ क्वाय लांब.
रस्ता करतो, दर निवडणुकीला म्हणाला.
केलाही. सहा क्वायपर्यंत.
पुढे पुलाचे दोन खांब नदीत उभे आहेत,
बगळे बसतात त्यांवर.
उरलेल्या तीन क्वायमध्ये आई गेली,
भावाच्या पाठीवर, वेताच्या खुर्चीत.

कोळशाच्या कागदावर सही त्याचीच.
उंदराच्या बिळासारखी खाण,
बहिणीचा बानशान आत गेला, पाणी भरलं.
त्या साली नदी निळी झाली.
बाह आला. मांडीवर टोपी ठेवून बसला.
क्वाय घेतली, चघळली नाही,
गालात धरून ठेवली.
लोक म्हणाले, तोंडाला पानं पुसून गेला.
पानं तर माझीच होती.

मत त्याला दिलं मी, सहा वेळा.
सातव्यांदा नाही.
त्या वर्षी तो पडला. बऱ्याच मतांनी,
माझ्या एकामुळे नाही.
दुसऱ्या दिवशी चालत आला.

आमच्यात घर धाकट्या लेकीचं.
तीस वर्षं निवडून आलेल्या माणसाच्या
नावावर एक भिंत नव्हती
(कोळशाचे पैसे कुठे गेले, ते मेहुण्यांना विचारा).
बायकोच्या घरी तो पाहुण्यासारखा हळू बोलायचा,
मोठ्यानं बोलायला इथं यायचा.

पुढे दात गेले. मी खलबत्त्यात कुटून द्यायचे.
स्वतःची भाषणं विसरला, माणसं नाही:
कुठल्या गावात कुणाचा बाप कशानं गेला,
सगळं तोंडपाठ.
बानशानचं नाव तेवढं कधी घेतलं नाही.
मीही काढलं नाही.

परवा बंदुकांची सलामी ऐकू आली.
अस्थी आईच्या कुळाच्या दगडाखाली जातील.
मेला असं म्हणत नाहीत आमच्याकडे,
देवाच्या घरी क्वाय खायला गेला म्हणतात.

तिथं उधारी चालते का, ठाऊक नाही.
वही काढली. पहिलं पान वाळवीनं अर्धं खाल्लंय,
ती ओळ मात्र शाबूत.
पेन्सिल हातात होती.
खोडली नाही.