स्वर्गीय नर्तक

सकाळी पावणेसहाला
बफरच्या गेटवर मी सही करते:
मनकर्णा आत्राम, गाईड नंबर सतरा.
हाताला अजून शेणाचा वास.

जिप्सीत मागं पुण्याचं कुटुंब.
पोरगा विचारतो, वाघ नक्की दिसेल ना?
जंगल आहे बेटा, दुकान नाही.
सुखदेव स्टिअरिंगवर हसतो,
हे वाक्य त्याला पाठ आहे.

हा अर्जुन. हे रानगव्याचे खूर.
ही अस्वलाची विष्ठा, आत टेंभुर्णीच्या बिया बघा.
हे सगळं मायनं शिकवलं,
सर्टिफिकेटावर सही साहेबाची आहे.

अकरा नंबर पाणवठ्याच्या वळणावर एक मोह आहे.
चार वर्षांमागं, चैतात, झुंजुमुंजू व्हायच्या आधी
माय त्याखाली वाकून फुलं वेचत होती.
वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही,
असं नंतर गार्डनं समजावलं.
टोपली सापडली. अर्धी भरलेली.

तेव्हा गाव गेट जाळणार होतं.
रॉकेल माझ्याच भावानं आणलं होतं.
आज तो तिथंच तिकिटं फाडतो,
वहिनी पाहुण्यांना लाखोरीचं वरण वाढते
आणि त्या विचारतात, ऑर्गॅनिक आहे का?
समितीच्या पैशातून गॅस आला, कुंपण आलं.
बाया आता उजाडल्यावरच मोहाला जातात,
चौघीचौघी, डबा वाजवत.
पावसात तीन महिने गेट बंद,
पोट काही बंद नसतं.

आज त्या मोहाखाली ती होती.
एक कान, कानामागचा पांढरा ठिपका,
तोंडात लोंबणारं पिल्लू.
मागं कुणाला दिसलं नाही.
नुसतं "वाघ" म्हटलं असतं
तर पाचशेची नोट होती,
आणि पाच मिनिटांत दहा गाड्या.

मी दुसरीकडं बोट केलं.
तो बघा, बांबूत, लांब पांढरी शेपटी.
स्वर्गीय नर्तक.
साऱ्या दुर्बिणी तिकडं वळल्या.
पोरगा म्हणाला, स्वर्गीय म्हणजे मेलेला ना?

भरपाईच्या अर्जात
मायच्या नावाआधी हाच शब्द लिहिला होता मी.
नाही रे, म्हटलं, हा तर नाचतोय.

सुखदेवनं आरशात पाहिलं, मग माझ्याकडं,
आणि काही न बोलता
गाडी हळूच पुढं घेतली.

टिप मिळाली नाही.
रजिस्टरात, "काय दिसले" या रकान्यात
मी पाखराचं नाव लिहिलं.