स्वयंपाकघरातून ऐकलेला बक्षीससमारंभ

माझ्या खिडकीतून मंच दिसत नाही.
दिसते मंचाची पाठ,
टेबलाखाली चुळबुळणारे पाय
आणि मासेरूहून आलेल्या साहेबांचे चकचकीत बूट.
त्यातल्या एकावर आमच्या घोड्यानं केलेला आहेर.

बाकीचं मला भोंगा सांगतो,
आणि भोंग्यातलं अर्धं डोंगरावरचा वारा खातो.

"...यत्ता सातवी... या विषयात पहिला..."
कोणता विषय? गिळला वाऱ्यानं.
घोटणं थांबवलं तर मक्याच्या घाट्यात गुठळ्या,
घोटत राहिले तर नाव निसटतं.
दोनशे चौदा पोरं, तीन हंडे, एक मी.
मी घोटत राहते,
कान तेवढा खिडकीबाहेर काढून ठेवते.

गाण्याचं बक्षीस खोपोत्सोला.
हिला मी ओळखते ती ताटावरून:
ओळीत उभी राहते, ताटावर चमच्यानं ताल धरते,
दरवेळी मी ओरडते, दरवेळी ती थांबते,
आणि मग हंड्यावर माझाच डाव
त्याच तालात वाजू लागतो.

गोट्यांच्या पटावर मोखेले जिंकला.
जिंकणारच. घेवड्याचे दाणे लपवून नेतो,
वाटेत दगडावर रेघा ओढून
स्वतःशीच खेळतो, स्वतःशीच भांडतो.
माझ्या हिशोबात गेल्या वर्षाचे
दीड शेर दाणे त्याच्या नावावर आहेत.
आज सोडून दिले.

मग भोंगा खरखरला, आणि वारा
कधी नव्हे तो पडला.
"गणित. संपूर्ण जिल्ह्यात पहिली.
न्थोफेला."

न्थोफेला म्हणजे 'नुसती एक वस्तू'.
हिच्याआधी दोन झाली होती आईला,
दोन्ही पाळण्यातच गेली.
म्हणून तिसरीला असं नाव, की मरण दाराशी आलं
तर ऐकून म्हणेल, इथं काय, काहीच तर नाही,
आणि पुढच्या घरी जाईल.
बारा वर्षं ते फसत आलंय.
आणि आज साहेब भोंग्यावरून
साऱ्या खोऱ्याला ऐकू जाईल असं
तिचं नाव घेतायत, दोनदा!
माझा हात थांबला.
तिकडं बायकांच्या रांगेत तिची आई
घोंगडीत तोंड खुपसून बसली असणार,
टाळ्या वाजवाव्यात की नाव झाकावं, कळेना.

धरल्या गुठळ्या. धरू देत.

साहेबांचं भाषण लांबलं.
भविष्य, देश, पर्वत, पुन्हा भविष्य.
घेवडा खाली लागायला आला.
मी चुलीतलं एक लाकूड ओढलं,
मग दुसरं. भविष्य काही संपेना.

सगळ्यात आधी आला लेबुसेत्सा,
अनवाणी डोंगर धावणारा, कप घेऊन.
पितळेचा, दोन कानांचा, त्याच्या डोक्याएवढा.
"मे, यातच वाढ."
"अरे, यात गेल्या वर्षीचा कोळी राहतो!"
धुतला मी तो कप, राखेनं घासला,
आत कितीतरी जुनी नावं बोटांना लागली;
त्याचं अजून कोरायचंय, कोरणारा मासेरूला असतो,
तो कधी येईल देव जाणे.
कपात घाटा, घाट्यावर घेवडा.
कोपऱ्यात बसून तो खायला लागला,
तशी मागची सगळी रांग खवळली:
आम्हालाही कपात! आम्हालाही!

न्थोफेला शेवटी आली.
प्रमाणपत्राची गुंडाळी काखेत, नेहमीसारखं ताट पुढे.
मी तिच्या ताटातला घाटा
डावाच्या पाठीनं उगाच सारखा करत बसले.
"गुठळ्या झाल्यात आज," मी म्हटलं.
तिनं खाली बघितलं, ओठ हलले.
"अकरा," म्हणाली,
आणि उन्हात जाऊन बसली.