हात दाखवून

मॉन्टिसेलोच्या पलीकडे डोंगर फोडून
उभं केलंय हे नवं, काचेचं.
लिफ्टमध्ये अजून रंगाचा वास,
आणि गालिचा इतका जाड
की मोज्यांवर घातलेल्या माझ्या चपला
प्रत्येक पावलाला आत रुतत होत्या.

विहीणबाई दर बुधवारी येतात.
बुधवारी म्हाताऱ्यांना वीस डॉलर फुकट.
गळ्यात मंगळसूत्र, शेजारी दोरीला कार्ड.
दोरी न काढताच त्या ते कार्ड
मशीनच्या तोंडात घालतात
आणि बसतात, दाव्याला बांधल्यासारख्या.
"बसा हो," म्हणाल्या, "इथं कोण विचारतंय?"

मी उभीच राहिले.
एकतीस वर्षं बसूनच होते की,
गडहिंग्लजला, जिल्हा बँकेत, जाळीमागं,
ओल्या स्पंजात बोट बुडवत.
बंडलात नव्व्याण्णवच आहेत
हे अंगठ्याला आधी कळायचं,
मला मागाहून.

चहूकडून नाणी पडत होती.
धो धो, खणखण.
वाकून पाहिलं तर
ताटली नाही, खाच नाही, नाणंही नाही एकही.
आवाज तेवढा स्पीकरमधला.
जिंकणाऱ्याला मिळते एक चिठ्ठी,
रेशनच्या पावतीएवढी.
"आवाज आहे ना?" विहीणबाई म्हणाल्या,
मान न वळवता.

पत्त्यांच्या टेबलाशी एक मुलगी.
छातीवरच्या पट्टीवर नाव आणि गाव:
मारिसोल, एलेनव्हिल.
तिची पाळी संपली.
तिनं एकदा टाळी वाजवली,
मग दोन्ही हात पुढे करून
तळवे उलटे केले, सुलटे केले,
छताकडे.
छताला काळा घुमट. घुमटात डोळा.
काही घेतलं नाही, पाहा.
आणि गेली, डबा खायला असेल.

हात दाखवून अवलक्षण, आई म्हणायची.

एकोणनव्वदचा मार्चअखेर.
चारशे रुपये कमी भरले माझ्या पेटीत.
रात्री साडेदहापर्यंत मोजलं.
चोर कुणी म्हटलं नाही.
नुसते माझ्या पर्सकडे बघायचे
आणि मग पंख्याकडे.
तीन पगारांतून फेडले.
हात मी दाखवले नाहीत.
कुणी मागितलेच नव्हते.

विहीणबाईंनी शेवटी बसवलंच मला.
फुकटचे वीस, चार वेळा बटण,
कसली तरी घंटा, कसले तरी वाघ,
आणि चिठ्ठी निघाली: त्रेसष्ट डॉलर.
पैसे देणारं यंत्र होतं, पण मी गेले
जिथं जाळी होती, आणि जाळीमागं माणूस.
पांढऱ्या मिशा, चष्म्याला दोरी. रँडल.
त्यानं नोटा पंख्यासारख्या पसरल्या,
विसाच्या तीन, एकाच्या तीन,
एका झटक्यात सरकवल्या. जुना हात.

अंगठ्याला कळलं.

विसाच्या चार होत्या.
कोऱ्या नोटा. कोऱ्या नोटा
एकमेकींना सोडत नाहीत,
मार्चअखेरीस तर नाहीच.
चौथी मी परत सरकवली.
त्यानं आधी वर पाहिलं, घुमटाकडे.
मग माझ्याकडे.
"तुम्ही कुठं होता?" त्यानं विचारलं.
त्याला काय सांगू? म्हटलं, "काउंटर नंबर दोन."
तो हसला नाही. मान हलवली फक्त,
पेटी जुळल्यावर हलवतात तशी.

तेव्हाही, गडहिंग्लजला,
कुणाच्या तरी अंगठ्याला कळलंच असणार.
घरी जाऊन पुन्हा मोजले असतील,
दार लोटून.
छत्तीस वर्षं मी पेटीतच शोधत होते.

परतीच्या बसमध्ये दिवे घालवलेले.
विहीणबाई एकशे चाळीस हरल्या होत्या
आणि सूनबाईला सांगू नका म्हणत होत्या.
बाहेर झडलेली झाडं, मधूनच एखादा पेट्रोल पंप.
मी एकदाच, हळू, टाळी वाजवली
आणि तळवे उलटे केले, सुलटे केले,
काळ्या काचेसमोर.

"डास?" विहीणबाईंनी विचारलं.
"नोव्हेंबरात?"