बारीक तार

भाऊच्या धक्क्यावर, ओहोटीच्या वेळी,
पोशा तांडेलाची बोट.
इंजिनखोलीत चार्जर: चौदा पॉइंट चार.
नाळेशी, अकरा मीटर पुढे, बॅटरी: तेरा पॉइंट सात.
"पेटी नवी, चार्जर नवा, तार अंगठ्याएवढी,
मंग पहाटंला वायरलेस का मरतो, बाय?"

चार्जर खोटं बोलत नाही.
तो आपल्याच उंबऱ्यावर मोजतो,
आणि उंबऱ्यावर सगळंच भरलेलं असतं.
वाटेत तांबं आपला घास काढून घेतं.
भार जितका मोठा, घास तितका मोठा.

हिलरी मेस्त्री सांगायचे,
माझगावच्या बोळातल्या दुकानात
सोल्डरच्या धुरात डोळे किलकिले करून:
"जिच्याकडून हमाली घेतेस
तिलाच खबर विचारू नको, पोरी."

म्हणून दोन बारीक तारा, लाल नि काळी,
सुतळीसारखा पीळ घालून
जाड तारांपासून वीतभर लांबून नेल्या
थेट बॅटरीच्या बोल्टांपर्यंत.
लाल तारेला तिथेच, टोकाशी, एक अँपिअरचा फ्यूज:
बारीक तारेची ठिणगी
लाकडी बोटीला बारीक वाटत नाही.
यांच्यातून जवळजवळ काहीच वाहत नाही.
म्हणून तर वाटेत काही सांडत नाही.

मग शंट. मुठीत मावेल असा पितळी ठोकळा.
दोन मोठे स्क्रू, दोन चिमुकले.
मोठ्यांमधून साठ अँपिअर धडधडत जातात,
चिमुकल्यांवर त्यांची कुजबुज:
पंचेचाळीस मिलिव्होल्ट.

आणि तिथेच, तेलकट फडक्याखाली, सापडली ती.
धाकट्या खलाशानं, हिराजीनं,
शंटला वळसा घालून बॅटरीवरून ओढलेली चोरटी जोडणी.
एक पंखा, दोन मोबाइल, रात्रभर.
मीटर बिचारा म्हणत राहिला नव्वद टक्के.
जे त्याच्यासमोरून गेलंच नाही
ते तो कुठल्या खात्यात लिहिणार?
पोरगं कान धरून हसलं.
जोडणी मी शंटच्या पलीकडे, भाराच्या बाजूला आणली.
पंखा राहू दिला.

चार्जर चालू केला. पंधरा पॉइंट एक.
"आता तं जास्तच टाकतोय!" पोशा ओरडला.
नाळेवरून मी मल्टिमीटर उंच धरला:
चौदा पॉइंट चार.
वरचे पॉइंट सात वाटेचे, पोशाभाऊ.
वाटेला तिचं द्यायचं,
पण बॅटरीच्या ताटातलं नाही.

एक गोष्ट मेस्त्रींनी एकदाच सांगितली होती.
कुठल्याशा गोदामात उंदरानं बारीक तार कुरतडली.
खबर येईना. चार्जरला वाटलं,
पलीकडे काहीच पोचत नाही,
आणि तो ओतत राहिला, रात्रभर, जिवाच्या आकांतानं.
सकाळी अॅसिडचा वास, फुगलेल्या पेट्या.
"कमी पडलं म्हणून नाय मेल्या त्या,"
एवढंच म्हणून त्यांनी बिडी विझवली होती.

रात्री नऊला मी त्यांच्या घरी फोन करते.
मार्चमध्ये उजवी बाजू गेली. मेबल आंटी
फोन त्यांच्या डाव्या कानाशी धरतात.
मला काही मागायचं नसतं.
त्यांना काही देता येत नाही.

"पोशाच्या बोटीचं झालं," मी सांगते.
"चौदा पॉइंट चार आलं."

बराच वेळ नुसता श्वास.
मागे कुठेतरी कुकरची शिट्टी.
मग अर्ध्या ओठातून, एकेक अक्षर ओढत:

"कुठं... मोजलंस?"