जमिनीवर न सांडणारी गळती

मोहाडीला मोगलांच्या बागेत बोलावणं आलं
तेव्हा नोव्हेंबर संपत होता.
पहाटेचं दव तारांवरून टपटपायचं
आणि डावणी पानाखाली पांढरी दिसायच्या आत
फवारा बसायलाच हवा होता.

मी ट्रॅक्टरचा मिस्तरी नाही.
एकतीस वर्षं ओझरला, विमानाच्या कारखान्यात,
हायड्रॉलिक शॉपला.
चाकं पोटात गेली पाहिजेत, वेळेवर बाहेर आली पाहिजेत,
एवढंच काम.
स्वतः विमानात कधी बसलो नाही.

वैजयंता मोगल म्हणाली, काका, लिफ्ट थरथरते.
ब्लोअर उचलताना कापरं भरतं तिला,
दोन ओळी होत नाहीत तर खाली बसते.
पिंपळगावचा मिस्तरी म्हणतो पंप बदला. अठरा हजार.
आणि रडतो हो तो पंप. ऐका तुम्ही.

हे तिनं त्यालाही सांगितलं होतं.
तो म्हणाला, ताई, मशीन म्हटलं की आवाज येणारच.

ट्रॅक्टर एवढासा,
दोन ओळींत मावावा म्हणून
धुण्यात आटलेल्या सदऱ्यासारखा.
पट्टी काढून पाहिली तर तेल ताकासारखं.
ओढ्यात घातला होता का? नाही.
पावसात उघडा होता? नाही, शेडमध्येच.

तेल लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घेतलं,
बरणी बांधावर ठेवली.
चहा झाला.
तिचा मुलगा शाळेच्या रिक्षाची वाट बघत
एकदा माझ्याकडे, एकदा बरणीकडे बघत राहिला.
रिक्षा आली, गेली.
मग बुडापासून तेल नितळत वर आलं,
मधाच्या रंगाचं.

पाणी असतं तर ताकाचं ताकच राहिलं असतं.
ही हवा.

गळती म्हटलं की माणूस खाली बघतो.
मिस्तरीनंही बघितलं असणार, वाकून, टॉर्च मारून,
आणि फरशी कोरडी दिसल्यावर सरळ पंपावर बोट ठेवलं.
पण पंपाच्या अलीकडच्या पाइपात दाब नसतो, ओढ असते.
तिथली भेग तेल बाहेर टाकत नाही,
बाहेरचं जग आत घेते,
आणि खाली एक थेंबही पडत नाही.

इंजिन चालू ठेवलं.
ग्रीस घेतलं दोन बोटांवर,
एकेका जोडाला लिंपत गेलो.
पहिला. काही नाही.
दुसरा. काही नाही.
तिसऱ्याला बोट फिरलं आणि वैजयंता म्हणाली, थांबला!

मला नंतर कळलं.
माझा डावा कान शॉपनं ठेवून घेतलाय,
निवृत्तीच्या कागदांत त्याचा उल्लेख नव्हता.

आतली रिंग निघाली चपटी, कडक,
जुन्या चपलेच्या अंगठ्यासारखी चिरलेली.
तिचा दीर दिंडोरीहून नवीन घेऊन आला,
माप नक्की नको चुकायला म्हणून तीन साइझच्या.
बसली ती चौदा रुपयांची.
गाळणी डिझेलमध्ये धुतली, त्यात सापडला
कुणाच्या तरी जुन्या दुरुस्तीतला लाल सिलिकॉनचा तुकडा.

नवं तेल. ओझ्याशिवाय दहा वेळा वर, दहा वेळा खाली,
उरलेली हवा निघून जाऊ दे म्हणून.
मग भरलेल्या टाकीसकट हात उचलले
आणि इंजिन बंद केलं.

तिनं मडगार्डवर खडूनं रेघ ओढली,
हाताच्या नेमकी बरोबरीनं.
आम्ही दोघं उभे राहून बघत होतो,
काहीच न होताना.

पैसे घेतले नाहीत. द्राक्षं अजून मुगाएवढी,
तीही देता येईनात,
म्हणून तिनं ती बरणीच दिली, घासून, पुसून.

जानोरीच्या वळणावर स्कूटर थांबवली.
धावपट्टीवरून एक विमान उठलं.
सवयीनं मोजलं: एक, दोन, तीन, चार...
चाकं आत.

रात्री फोन वाजला. मी डाव्या कानाला लावला,
मग उजव्याला.
काका, ती म्हणत होती,
रेघेवरच आहे अजून.